पन्नास मिनिटे पुरली, पावणेपाच तास पुरले नाहीत

2025च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझा भाचा हॅम्बुर्ग बंदरात साइन ऑफ झाला, म्हणजे नेमणूक संपवून बोटीवरून उतरला, आणि वेंगुर्ल्याजवळच्या आपल्या घरी यायला निघाला. तो तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनीअर आहे. त्याच्या प्रवासात तीन विमाने होती. पहिले हॅम्बुर्ग ते फ्रँकफुर्ट, दुसरे फ्रँकफुर्ट ते मुंबई आणि तिसरे मुंबई ते गोव्यातले मोपा. पहिल्या दोन विमानांच्या मध्ये जेमतेम पन्नास मिनिटे होती आणि तेवढ्या वेळात एवढ्या मोठ्या विमानतळावर कसे होणार, या काळजीने माझ्या बहिणीने रवळनाथाला नारळसुद्धा बोलून ठेवला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या विमानांच्या मध्ये चार तास पन्नास मिनिटे होती. त्यांची काळजी कोणालाच नव्हती. चुकले ते तिसरे विमान. कुडाळला माझे तिकीट बुकिंगचे दुकान आहे, गेली वीस वर्षे मी बोटीवरच्या पोरांची तिकिटे काढतो आहे आणि त्या तिसऱ्या विमानाचे तिकीट मीच काढून दिले होते. त्यामुळे या प्रकरणात मी निव्वळ निरीक्षक नाही.

एक प्रवास, दोन तिकिटे

बोटीवरच्या माणसाचे जाण्यायेण्याचे तिकीट कंपनी काढते. भाच्याच्या कंपनीने काढलेले तिकीट हॅम्बुर्ग–फ्रँकफुर्ट–मुंबई असे होते, म्हणजे एकाच पीएनआरवर दोन विमाने. बोटीवर माणसे पुरवणारी मॅनिंग एजन्सी मुंबईची, करारही मुंबईत झालेला, म्हणून कंपनीच्या लेखी त्याचे घर मुंबईत होते. पुढचा सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास ज्याचा त्याने करायचा, ही पद्धत इतकी रुळलेली आहे की आमच्याकडे त्याबद्दल कोणी प्रश्नही विचारत नाही. पूर्वी पोरे सहारवरून टॅक्सीने दादरला जाऊन कोकण रेल्वेची गाडी पकडत. मोप्याचा विमानतळ 2023च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून सावंतवाडी आणि वेंगुर्ले तालुक्यांतल्या पोरांना तासा-दीड तासात विमानतळावरून घरी पोहोचता येते. चिपीचा विमानतळ 2021च्या ऑक्टोबरपासून आमच्या उशाशी आहे, पण पहाटे मुंबईत उतरणाऱ्या माणसाच्या सोयीचे विमान तिथे त्या वेळी नव्हते. म्हणून मी मोप्याचे, सकाळी 6 वाजून 5 मिनिटांचे, स्वस्त दराच्या एका कंपनीचे तिकीट काढले. ही कंपनी कोणत्याही विमानसेवा-युतीत, म्हणजे एकमेकींच्या प्रवाशांना सवलती देणाऱ्या कंपन्यांच्या गटात, नाही आणि फ्रँकफुर्टहून येणाऱ्या कंपनीशी तिचा सामान किंवा प्रवासी हस्तांतराचा करारही नव्हता.

पन्नास मिनिटांची जोडणी सुरक्षित का होती, हे समजून घेतले की पुढचे सगळे उलगडते. प्रत्येक विमानतळासाठी जोडणीचा किमान कालावधी ठरवलेला असतो. फ्रँकफुर्टला तो सर्वसाधारणपणे 45 मिनिटे आहे. त्याहून कमी वेळाची जोडणी आरक्षण प्रणाली एका तिकिटावर विकूच देत नाही, आणि एकदा विकली की ती पार पाडणे ही विमान कंपनीची जबाबदारी होते. पहिले विमान उशिरा पोहोचले तर कंपनीने प्रवाशाला पुढच्या विमानात विनामूल्य बसवायचे असते, आणि सामानाला शेवटच्या मुक्कामाची पट्टी लागलेली असल्यामुळे मध्ये ते हातात घ्यावे लागत नाही. म्हणजे त्या पन्नास मिनिटांचा धोका कंपनीचा होता. मुंबईच्या पावणेपाच तासांचा धोका मात्र पूर्णपणे भाच्याचा होता, कारण दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो फ्रँकफुर्टहून आलेला नव्हता. तो पार्ल्यात राहणारा, सकाळी रिक्षा करून विमानतळावर येणारा कोणीही प्रवासी होता. अशा प्रवाशाला उशीर झाला तर तो त्याचा उशीर.

हा फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगणे माझ्या धंद्याचा भाग आहे. घरच्या माणसाला मात्र मी तो सांगितला नाही, कारण पावणेपाच तास म्हणजे भरपूर, असे मलाही वाटले.

सोन्याचे कार्ड

भाच्याकडे स्टार अलायन्स या युतीचे गोल्ड स्टेटस, म्हणजे नेहमीच्या प्रवाशाला मिळणारी वरची श्रेणी, होते. ते त्याने कसे मिळवले हे सांगण्यासारखे आहे, कारण बोटीवरची बहुतेक पोरे इथेच चुकतात. कंपनी जे मिळेल त्या विमानाने पाठवते. कधी लुफ्तान्सा, कधी टर्किश, कधी सिंगापूर एअरलाइन्स, कधी एअर इंडिया. मग पोरगा प्रत्येक कंपनीचे वेगळे सदस्यत्व घेतो, प्रत्येक खात्यात थोडे थोडे मैल (प्रवासाबद्दल मिळणारे गुण) जमतात आणि दोन-तीन वर्षांनी न वापरल्यामुळे बाद होतात. वास्तविक या चारही कंपन्या एकाच युतीतल्या आहेत. स्टार अलायन्स 14 मे 1997 रोजी स्थापन झाली आणि एअर इंडिया 11 जुलै 2014 रोजी तिच्यात आली. युतीतल्या कोणत्याही कंपनीने प्रवास केला तरी मैल एकाच खात्यात जमा करता येतात आणि एका कंपनीने दिलेली गोल्ड श्रेणी सगळ्यांकडे चालते. भाच्याची चार खाती होती. त्यातले एक ठेवून बाकीची त्याने विसरून जावीत आणि प्रत्येक तिकिटावर त्या एकाच खात्याचा क्रमांक घालावा, असे मी त्याला सुचवले होते. एजन्सीचा तिकीट काढणारा कारकून हा क्रमांक घालत नाही, म्हणून तो चेक-इनच्या वेळी स्वतः घालावा लागतो आणि तेही राहिले तर बोर्डिंग पास जपून ठेवून नंतर मागणी करावी लागते. बोर्डिंग पास फाडून टाकणाऱ्यांचे किती मैल वाया गेले असतील याची गणती नाही.

यात आणखी एक अडचण आहे. बोटीवरच्या माणसांची तिकिटे बहुधा ‘मरीन फेअर’ या खास भाड्याची असतात. या भाड्यात सामान जास्त नेता येते आणि तारीख बदलणे सोपे असते, कारण जहाज बंदरात कधी लागेल हे कोणाच्या हातात नसते. पण असल्या सवलतीच्या भाड्याला अनेक सदस्यत्व योजनांत कमी मैल मिळतात, काहींत मुळीच मिळत नाहीत. त्यामुळे खाते निवडताना कोणत्या कंपनीचे विमान आवडते हे न पाहता आपल्या भाड्याच्या वर्गाला कोण किती मैल देते, हे तक्त्यात पाहून ठरवावे लागते. भाच्याने ते पाहिले, आणि 2024 साली त्याला गोल्ड मिळाले.

गोल्डने त्याला काय मिळाले? सामान्य वर्गाचे तिकीट असूनही वेगळ्या रांगेत चेक-इन, लाउंजमध्ये स्वतःसोबत एका पाहुण्याला प्रवेश, आधी विमानात चढण्याची सोय, सामानाला प्राधान्याची पट्टी आणि वजनाच्या हिशेबाने 20 किलो किंवा नगाच्या हिशेबाने एक बॅग जास्त. त्या दिवशी त्याच्याकडे तीन बॅगा होत्या. दोन तिकिटावरच्या आणि एक कार्डाची. हॅम्बुर्गला त्या तिन्ही एक पैसा न देता गेल्या. मनाजोगती सीट फुकट मिळणे हे मात्र युतीने सगळ्यांकडून हमखास दिलेल्या गोष्टींत मोडत नाही. ते प्रत्येक कंपनी आपापल्या सदस्यांना आपापल्या मर्जीने देते. भाचा फ्रँकफुर्ट–मुंबई विमानाच्या कंपनीच्याच योजनेचा सदस्य असल्यामुळे त्याला पुढच्या भागातली, बाहेर पडायला सोयीची 24सी ही कडेची सीट मिळाली होती.

आता या सगळ्याकडे घराच्या बाजूने पाहावे. मुंबई ते मोपा या शेवटच्या टप्प्यावर यातले काहीही लागू नव्हते. लाउंज नाही, जादा बॅग नाही, प्राधान्य नाही. देशांतर्गत विमानात 15 किलोच सामान भाड्यात धरलेले; बाकीच्यासाठी आगाऊ पैसे भरून 30 किलो विकत घेतले होते आणि त्याचे पैसे तिकिटापेक्षाही जास्त झाले होते. तरीही तिसरी बॅग त्यात बसत नव्हती, आणि ती कार्डावर जाईल असे भाचा धरून चालला होता. हा गैरसमज फार सार्वत्रिक आहे. एअर इंडिया एक्स्प्रेस ही एअर इंडियाचीच उपकंपनी, पण ती स्टार अलायन्सची सदस्य नाही, त्यामुळे नाव जवळपास तेच असूनही तिथे हे युतीचे कार्ड चालत नाही. एमिरेट्स आणि एतिहाद तर कोणत्याच मोठ्या युतीत नाहीत. आखातात नोकरी करणाऱ्या रत्नागिरी-चिपळूणकडच्या मंडळींनी तिथे कमावलेली श्रेणी त्या त्या कंपनीपुरती आणि तिच्या मोजक्या भागीदारांपुरती असते.

ती रात्र

हॅम्बुर्गचे विमान वेळेवर आले, पन्नास मिनिटांत भाचा फ्रँकफुर्टच्या दुसऱ्या दारापाशी पोहोचला आणि तिथे बसून राहिला. तिथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी 12 वाजून 40 मिनिटांनी सुटणारे विमान यांत्रिक बिघाडामुळे बदलावे लागणार होते. आपल्या घड्याळाप्रमाणे 5 वाजून 40 मिनिटांनी मला त्याचा व्हॉट्सअॅप निरोप आला की तीन तास तरी उशीर होणार. सव्वाआठला विमान सुटल्याचे मी मोबाइलवर पाहिले. आधी 1 वाजून 15 मिनिटांनी पोहोचायचे होते, आता साधारण सव्वाचार. पुढचे विमान सहा पाचला. जेवताना मी मनात हिशेब केला, पावणेदोन-दोन तास मिळतात, होऊन जाईल, आणि झोपलो.

या हिशेबात माझी चूक कुठे होती, ती तपशिलात सांगतो. मी विमान उतरण्याच्या वेळेपासून विमान उडण्याच्या वेळेपर्यंत मोजले. मोजायला हवे होते ते दार उघडण्याच्या वेळेपासून काउंटर बंद होण्याच्या वेळेपर्यंत. विमानाचे दार उघडले 4 वाजून 22 मिनिटांनी. मोप्याच्या विमानाचे काउंटर सुटण्याच्या एक तास आधी, म्हणजे 5 वाजून 5 मिनिटांनी, बंद होणार होते. राहिली 43 मिनिटे. तेवढ्यात इमिग्रेशन, तीन बॅगा, कस्टम्स आणि टर्मिनल 2 वरून सांताक्रूझच्या टर्मिनल 1 पर्यंतचा चार-पाच किलोमीटरचा रस्ता. परदेशातून आलेल्या प्रवाशाला मुंबईत सामान ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर यावेच लागते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही; रोज पाच जणांना सांगतो.

त्यात सीटची भर पडली. बदलून आलेल्या विमानाची आसनरचना वेगळी होती, त्यामुळे आधी निवडलेल्या सीटा गेल्या आणि भाच्याला 38व्या रांगेतली मधली सीट मिळाली. कार्ड दाखवून त्याने विचारले, पण विमान भरलेले होते. आठ तास मधल्या सीटवर अवघडून बसणे हा त्रास खराच, तरी बोटीच्या इंजिन रूममध्ये महिनोन्‌महिने काढलेल्या माणसाला तो सोसतो. खरे नुकसान उतरताना झाले. 24व्या रांगेतला माणूस आणि 38व्या रांगेतला माणूस यांच्यामध्ये दीडशेच्या आसपास प्रवासी असतात, आणि त्या वेळेला एकामागून एक विमाने आखातातून, युरोपातून उतरत असतात. ते दीडशे जण इमिग्रेशनच्या रांगेत त्याच्या पुढे उभे राहिले. पुढे जोडणी असेल तर सीट निवडताना पाय पसरायला जागा किती यापेक्षा दारापासून अंतर किती हे मी आता आधी पाहतो.

4 वाजून 50 मिनिटांनी तो इमिग्रेशनमधून सुटला. प्राधान्याची पट्टी लावलेल्या दोन बॅगा पट्ट्यावर लवकर आल्या, तिसरी आली नाही. पाच वाजता त्याने मला उठवले.

“मामा, एक बॅग अजून येवक नाय. काय करू?”

मी तिकिटाची तारीख बदलायला मोबाइल उघडला. त्या कंपनीच्या नियमाप्रमाणे तिकीट बदलण्याची मुभा सुटण्याच्या दोन तास आधीपर्यंत होती, म्हणजे 4 वाजून 5 मिनिटांपर्यंत. त्या वेळी भाचा अरबी समुद्रावर होता आणि मी झोपलेलो होतो. त्याआधीच्या रात्री सव्वाआठपासून ते पहाटे चार पाचपर्यंत, जवळजवळ आठ तास, मला तिकीट दुपारच्या विमानावर नेता आले असते. बदलाचे शुल्क आणि भाड्यातला फरक भरला असता तर आगाऊ घेतलेले सामानही सोबत गेले असते. आता ते ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही असे, झाले.

पाच अठराला तो तिसरी बॅग घेऊन बाहेर आला, टॅक्सीने टर्मिनल 1 ला पोहोचला तेव्हा पाच पस्तीस झाले होते. विमान समोर उभे, पण काउंटर बंद. तिथल्या मुलीने त्याचे गोल्ड कार्ड आदराने पाहिले आणि परत दिले.

मग दोन मार्ग उरले. सीएसएमटीहून 7 वाजून 10 मिनिटांनी सुटणारी मांडवी एक्स्प्रेस दादरला पकडायची, किंवा त्याच कंपनीच्या दुपारच्या विमानाचे नवे तिकीट काढायचे. जागेची खात्री नसताना तीन बॅगा घेऊन गाडीत चढणे त्याला नको वाटले, म्हणून विमान घेतले. आज विचारले तर मी गाडीच सुचवीन, कारण घरी पोहोचायला फार तर दोन तासांचा फरक पडला असता आणि सामानाला कोणी काटा लावला नसता. तिसरी बॅग त्याने पार्ल्याला आतेकडे ठेवली. ती पुढच्या रविवारी आतेभावाबरोबर तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला आली.

भरपाईचा हिशेब

जुने तिकीट, त्यावरचे आगाऊ सामान आणि नवे तिकीट धरून फटका एकोणीस हजारांच्या पुढे गेला. देशांतर्गत कंपनीकडून काय मिळाले तर ‘नो-शो’ झालेल्या तिकिटातले कर आणि विमानतळाची शुल्के. ती परत करणे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाने बंधनकारक आहे, पण मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. डीजीसीएच्या नियमावलीत जोडविमान चुकल्याबद्दल प्रवाशाला संरक्षण आहे, परंतु ते दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर. आपले तसे नव्हते, त्यामुळे तिथे भांडण्यात अर्थ नव्हता.

फ्रँकफुर्टच्या बाजूने मात्र वेगळे चित्र होते. युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम तिथल्या कोणत्याही विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, मग प्रवासी कुठल्याही देशाचा असो. 2009 साली युरोपीय न्यायालयाने दिलेल्या निर्णयानंतर शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाला तरी रद्द विमानाप्रमाणेच भरपाई देय होते आणि साडेतीन हजार किलोमीटरांच्या पुढच्या प्रवासाला ती 600 युरो आहे, पण उशीर चार तासांपेक्षा कमी असेल तर कंपनी ती निम्मी करू शकते. नेहमीच्या यांत्रिक बिघाडाला ‘असाधारण परिस्थिती’ म्हणता येत नाही, हे त्याआधी 2008मध्येच ठरले होते. आणि पोहोचण्याची वेळ म्हणजे चाके टेकण्याची वेळ नव्हे, विमानाचे दार उघडण्याची वेळ, हे 2014च्या निर्णयात आले. एक पंधराला पोहोचायचे विमान आणि चार बावीसला उघडलेले दार, उशीर तीन तास सात मिनिटांचा. सात मिनिटांनी काम झाले.

भरपाई मागणाऱ्या आमच्या पहिल्या पत्राला विमान कंपनीने नकार दिला. सर्वसामान्यांना उपलब्ध नसलेल्या सवलतीच्या भाड्याने प्रवास करणाऱ्याला हा नियम लागू होत नाही, अशी त्यात तरतूद आहे आणि बोटीवरचा माणूस म्हणजे मरीन फेअर असे त्यांनी गृहीत धरले. मीही तसेच समजत होतो. तरी एजन्सीकडून तिकिटाची पूर्ण प्रत मागवली, तेव्हा भाड्याचा वर्ग साधा निघाला. साइन ऑफ अचानक ठरल्यामुळे त्या दिवशी मरीन फेअरची जागा शिल्लक नव्हती आणि बोटीच्या कंपनीने नेहमीचे तिकीट घेतले होते. ती प्रत जोडून दुसरे पत्र पाठवले. तिसऱ्या महिन्यात 300 युरो भाच्याच्या खात्यावर जमा झाले, रुपयांत सत्तावीस-तीस हजारांच्या घरात. तिकिटाचे पैसे मालकाने भरले असले तरी भरपाई प्रवाशाची असते, त्यामुळे एजन्सीनेही त्यावर हक्क सांगितला नाही. बहिणीच्या मते हे रवळनाथाने केले. माझ्या मते साइन ऑफ अचानक ठरल्याने केले, आणि म्हणूनच पुढच्या वेळी यावर विसंबून चालणार नव्हते.

करारातली एक ओळ

भाचा एप्रिलच्या अखेरीस पुन्हा बोटीवर जाणार होता. त्याआधी मी त्याला कंपनीशी केलेला जुना करार घेऊन दुकानात बोलावले. त्यात घरी परत पाठवण्याच्या ठिकाणापुढे ‘मुंबई’ असे छापलेले होते आणि खाली त्याची सही. सही करताना ही ओळ त्याने वाचलेली नव्हती.

मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, 2006 हा आंतरराष्ट्रीय करार भारताने 9 ऑक्टोबर 2015 रोजी स्वीकारला आणि 2016 साली त्याचे नियम केले. करार संपल्यावर नाविकाला स्वखर्चाने नव्हे तर जहाजमालकाच्या खर्चाने परत जाण्याचा हक्क त्यात आहे. परत कुठे, याबद्दलच्या मार्गदर्शक तत्त्वांत नोकरी जिथे स्वीकारली ते ठिकाण, सामूहिक करारात ठरलेले ठिकाण, नाविकाचा राहता देश आणि दोघांच्या संमतीने करारात लिहिलेले अन्य कोणतेही ठिकाण, असे पर्याय आहेत. इतकेच नव्हे तर 30 किलो वैयक्तिक सामान त्या ठिकाणापर्यंत नेण्याचा खर्चही त्यात धरावा, असे म्हटले आहे. म्हणजे दुसऱ्या तिकिटाची, जादा सामानाची आणि पहाटेच्या धावपळीची सगळी गोष्ट माझ्या दुकानात सुरू झालेलीच नव्हती. ती या ओळीत सुरू झाली होती. तिकीट जिथे संपते तिथे कंपनीची जबाबदारी संपते, आणि कुठे संपायचे ते सही करताना ठरते.

भाच्याने एजन्सीला मेल लिहिली. आधी ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ असे उत्तर आले. मग मी दोन तारखांची भाडी काढून दाखवली. एकाच तिकिटावर मुंबईऐवजी गोव्यापर्यंत गेल्यास पडणारा फरक इतका थोडा होता की कारकुनाने फार ताणले नाही. नव्या करारात ‘गोवा’ असे लिहून आले.

एप्रिलमध्ये जाताना भाच्याने मुंबई विमानतळावर आणखी एक काम उरकले. भारतीय पारपत्रधारकांसाठी जलद इमिग्रेशनची विनामूल्य योजना आहे, ती 2024च्या जूनमध्ये दिल्लीला सुरू होऊन 2025च्या जानेवारीतच, त्याचे विमान चुकल्यानंतर थोड्याच दिवसांनी, मुंबईलाही आली होती. ऑनलाइन नोंदणी करून बोटांचे ठसे आणि चेहरा द्यावा लागतो. मग रांगेऐवजी स्वयंचलित दारातून जाता येते. गोल्ड कार्डापेक्षा त्याला याचाच जास्त उपयोग होईल, असे मी त्याला सांगितले, आणि तो हसला.

ऑक्टोबरच्या अखेरीस, इकडे भातकापणी चालू असताना, तो सिंगापूरला साइन ऑफ झाला. या खेपेला सिंगापूर–मुंबई–गोवा असे एकच तिकीट, दोन्ही कंपन्या युतीतल्या. पुढच्या रांगेतल्या कडेच्या सीटसाठी त्याला पैसे पडले, कारण ही कंपनी त्याच्या योजनेची नव्हती. ते त्याने कुरकुर न करता भरले. तिन्ही बॅगांना गोव्याची पट्टी लागली. मुंबईत कस्टम्ससाठी त्या हातात घ्याव्या लागल्या, पण बाहेर पडताच हस्तांतराच्या काउंटरवर परत देता आल्या, आणि तिसऱ्या बॅगेचे कोणी पैसे मागितले नाहीत. विमान वेळेवर होते, त्यामुळे उशीर झाला असता तर कंपनी कशी वागली असती, याची परीक्षा झाली नाही.

मी गाडी घेऊन बांद्यावरून मोप्याला गेलो. विमान उतरण्याच्या वेळी फलकावर मुंबईचे कोणतेच विमान नव्हते. पाऊण तासाने फोन आला.

“मामा, इलंय. पण दाबोळीक.”

गोव्याला दोन विमानतळ आहेत. आरक्षण प्रणालीत जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. करारात नुसते ‘गोवा’ लिहिलेले असल्यामुळे कारकुनाने पहिला संकेत घातला होता. तिकिटाची प्रत एजन्सीने आठ दिवस आधी पाठवली होती आणि ती माझ्या मोबाइलमध्येच होती. तिथे स्वच्छ जीओआय लिहिलेले होते. मी गाडी वळवली आणि पेडण्यावरून म्हापशाच्या रस्त्याला लागलो.